नाना गाव काढतात

"थांब जरा. अजून भीती वाटली नाही."

चित्र काढायला बसले की नाना हे हमखास म्हणायचे. मांडीवर फळी, फळीवर कागद, उजव्या हाताशी पाण्याचा पितळी तांब्या, अशी सगळी तयारी झालेली असायची. आणि हा माणूस चपला काढून, तापल्या जमिनीवर अनवाणी पाय टेकून नुसता समोर बघत बसलेला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत घाम पुसत म्हणायचो, "नाना, काढा की आता." ते मान न वळवता तेच उत्तर द्यायचे.

तुम्ही म्हणाल, चित्रकार लोक असंच काहीतरी बोलत असतात. मलाही तसंच वाटायचं. एकदा मी चिडून विचारलं, की समोर चार बाभळी आणि एक पडका बांध आहे, त्यात घाबरायचं काय? नाना शांतपणे म्हणाले, "ज्या जागेची भीती वाटत नाही, ती आपण नीट बघितलेलीच नसते." मी हसलो. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला फक्त साहेबांची भीती वाटायची.

चौऱ्याऐंशी साली मी जळगावला एका धरणाच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. धरणाचं नाव सांगत नाही, नदीचंही नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधल्या पट्ट्यातली एक नदी, एवढं पुरे. नानांचं खरं नावही सांगणार नाही, कारण त्या नावाला दचकणारी माणसं अजून जिवंत आहेत. ऑफिसात आणि आमच्या गल्लीत सगळे त्यांना नानाच म्हणत. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नाही, अंगावर कायम पांढरा बुशशर्ट. त्याच्या कॉलरला आतून निळ्या शाईचे डाग, कारण पेनाचं टोक तिथे पुसायची सवय.

नाना आमच्याकडे ट्रेसर होते. हे काम काय असतं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. सर्व्हेअर उन्हातान्हात फिरून जमिनीची उंची मोजायचे आणि पेन्सिलीने नकाशा करायचे. त्यावर ट्रेसिंगचं पारदर्शक कापड ताणून नाना शाईने पक्क्या रेघा मारायचे. त्यातली एक रेघ निळी असायची. धरण भरल्यावर पाणी कुठवर येणार, ती ही रेघ. तिच्या आतली घरं बुडणार, बाहेरची राहणार. त्या नकाशावरून माझ्या टेबलावर घरांची यादी व्हायची, यादीवरून लोकांना नोटिसा जायच्या, आणि मग नव्या गावठाणात जागा मिळायची. निळी रेघ मारताना नाना श्वास रोखत आणि शाखेतला पंखा बंद करायला लावत. एप्रिल महिन्यात पंखा बंद म्हणजे काय, हे जळगावकरांना सांगायला नको. आम्ही घामाने निथळत बसायचो, पण कोणी कुरकुरत नसे. नानांची रेघ तपासायची नसते, असं ऑफिसात ठरूनच गेलं होतं.

चित्रकला त्यांनी बैलांच्या शिंगांवर सुरू केली होती. पोळ्याला गावातल्या सगळ्या बैलांची शिंगं हेच रंगवायचे. मग लग्नघराच्या भिंतींवर हत्ती आणि भालदार आले. मग धुळ्याला शिकायला गेल्यावर कॅलेंडरवर असतात तशी चित्रं सुरू झाली, म्हणजे मागे डोंगर, मधे नदी, काठावर नारळाची झाडं आणि पाण्यात दोन हंस. तिथल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी ते चित्र वर्गासमोर धरलं आणि विचारलं, "तुमच्या गावात हंस कितीला मिळतात?" वर्ग हसला. नानांनी पुढं वर्षभर ब्रशला हात लावला नाही.

हे सांगताना ते स्वतःही हसायचे. पण त्या वर्षात काय केलं ते विचारलं, की म्हणायचे, "बघत होतो. सतरा वर्षं गावात राहून मी गाव बघितलंच नव्हतं." वर्षभरानंतर त्यांनी भर दुपारचा एक बांध काढला. त्यात झाड नाही, माणूस नाही, पाणी तर नाहीच. मास्तरांनी तो कागद स्वतःकडे ठेवून घेतला.

तेव्हापासून ते उन्हाळ्यातच काढायचे. आपल्याकडच्या मे महिन्यात जलरंग कागदावर पसरायच्या आत वाळतो. इतर लोक म्हणून पावसाळ्याची वाट बघतात. नानांनी उलटं केलं. रंग जेवढा ओला राहील तेवढाच, तळहाताएवढा तुकडा घ्यायचा, तो वाळला की शेजारचा. जवळून बघितलं तर चित्र ठिगळांचं दिसे आणि चार पावलं मागं सरकलं की डोळ्यांवर ऊन येई. एकदा ऑफिसात भिंतीला टेकवलेलं चित्र बघून शिपायाने नकळत कपाळावर हात आडवा धरला होता. यापेक्षा मोठी दाद मी कुठल्या प्रदर्शनात बघितली नाही.

मी त्यांच्याच गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायचो आणि रविवारी करायला काही नसायचं. म्हणून त्यांच्याबरोबर जायचो. सकाळची एसटी, एरंडोल गेलं की पुढे कुठल्यातरी फाट्यावर उतरायचं आणि नदीच्या दिशेने चालायचं. नानांना नेहमी ठरावीक गावंच हवी असायची. वाटेत कितीही चांगली जागा दिसली तरी थांबत नसत. मला वाटायचं, कलावंताची लहर.

दोन वर्षांनी एका गावात लोक आमच्याकडे विचित्र नजरेने बघायला लागले. पारावर बसलेली माणसं आम्हाला बघून उठून गेली. एका बाईने दार लावून घेतलं. नाना एका धाब्याच्या घरासमोर बसले, चपला काढल्या, आणि त्या घरातून एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात, मग बाकीचं. नानांचं पाणी पिऊन होईपर्यंत ती उभी राहिली आणि मग हात जोडून म्हणाली, "भाऊ, मन्हं घर नको काढू. तू जे गाव काढस ते गाव जास. बठ्ठा लोके म्हनतस."

मला हसू येणार होतं, पण नानांचा चेहरा बघितला आणि ते घशातच राहिलं. त्यांचा रंग उडाला होता. त्यांनी फळी पिशवीत घातली. त्यांच्या चपला तिथेच राहिल्या, हे आम्ही फाट्यावर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोन मैल ते अनवाणी चालले होते.

एसटीत बसल्यावर त्यांनी मला सांगितलं. ती म्हातारी अर्धं खरं बोलली होती. नानांनी काढलेली चार गावं खरोखरच गेली होती. चित्र झालं, वर्ष-दीड वर्षात नोटीस आली. लोकांना वाटत होतं, या माणसाचा हात वाईट आहे. "हात वाईट नाही रे," नाना म्हणाले, "मी रेघ आधी मारतो आणि गाव नंतर काढतो. रेघेच्या आत कुठलं गाव येतंय ते मला ऑफिसात कळतं. नोटीस निघेपर्यंत बाहेर बोलायची बंदी आहे. मग मी काय करू? जाऊन बघून येतो. निदान कागदावर राहील."

आणि मग खिडकीतून बाहेर बघत, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच म्हणाले, "पण चार गावं झाली. आता मला वाटतं, मी काढलंच नसतं तर कदाचित..." 

मी शिकलेला माणूस. तरी खरं सांगतो, त्या दिवसापासून मला नानांची भीती वाटायला लागली. एकदा ते माझ्या खोलीवर चहाला आले, खिडकीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "इथून तुझ्या घरमालकांचं अंगण छान दिसतं." मी धावत जाऊन पडदा ओढला. नानांनी माझ्याकडे बघितलं, चहा संपवला आणि पुन्हा कधी माझ्या खिडकीजवळ गेले नाहीत. याची मला आजही लाज वाटते.

नानांची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, नदीच्या वरच्या अंगाला एका गावात दिलेली होती. आई गेल्यावर तिनेच नानांना लहानाचं मोठं केलेलं. ती जळगावला आली की भाकरीचं गाठोडं माझ्या खोलीवरही पोचवायची. दर वेळी नानांना एकच टोमणा मारायची, "बठ्ठी दुनियाना घरे काढस. मन्हं घर कव्हय काढशी?" नाना म्हणायचे, "काढू, काढू. घाई काय आहे?" तिला वाटायचं, भावाला आपलं मातीचं घर चित्राच्या लायकीचं वाटत नाही. खरं कारण मला माहीत होतं. तेवढं एक घर त्यांना जिवापाड जपायचं होतं.

पुढच्या वर्षी धरणाची उंची वाढवायचं ठरलं. नवा सर्व्हे झाला, नवं कापड ताणलं गेलं. त्या आठवड्यात नाना कोणाशी बोलले नाहीत. रेघ मारली त्या दिवशी पंखा बंद करायलाही त्यांनी सांगितलं नाही. नकाशा वर गेला, सह्या झाल्या. नेहमीप्रमाणे कोणी तपासला नाही. मी त्यावरून यादी केली आणि खाली सही ठोकली. अक्काचं गाव जेमतेम नदीकाठच्या काही घरांपुरतं यादीत आलं होतं. वरची गल्ली, जिच्यात अक्काचं घर होतं, ती वाचली होती. मी नानांना म्हटलं, "सुटलात नाना." ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, आनंदाने बोलवत नसेल.

डिसेंबरात खुणेचे दगड रोवायला सर्व्हेअर त्या गावी गेला, मीही यादी घेऊन सोबत गेलो. सरकारी दगड अक्काच्या गल्लीच्या खाली, उताराला पडला. गल्लीतल्या लोकांनी गूळ वाटला. एकाने तर तिथल्या तिथे सांगितलं, की आता भीती मिटली, उद्यापासूनच नवी भिंत घालतो. सर्व्हेअर मात्र यंत्रातून दोनदा बघून डोकं खाजवत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "कागद सांगतो दगड इथे. माझं यंत्र सांगतं, पाणी त्या गल्लीच्या छपरापर्यंत येणार. पण कागदावर साहेबांची सही आहे. आपण कशाला बोला?"

 परतल्यावर तसाच नानांच्या खोलीवर गेलो आणि विचारलं. ते खाली बसले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले. "ज्वारीच्या दाण्याएवढी सरकवली," ते म्हणाले. "तिचं घर आत जात होतं. हात पुढे जाईना. वाटलं, निदान या वेळी तरी माझ्या हाताने घर राहू दे."

ज्वारीच्या दाण्याएवढी रेघ म्हणजे जमिनीवर सतरा घरं होती. आता तुम्हीच बघा काय झालं होतं ते. रेघ सरकली म्हणून पाणी थांबणार नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात धरणाची दारं बंद होणार, पाणी चढणार, आणि त्या सतरा घरांना ना नोटीस, ना नवी जागा. सरकारच्या दप्तरी ती घरं कोरडीच राहणार होती. ज्या बहिणीला वाचवायला गेले, तिलाच त्यांनी उघड्यावर आणलं होतं. आणि ती मंडळी गूळ वाटून भिंत घालायला निघाली होती.

मी काय म्हणालो ते लपवत नाही. मी म्हणालो, "नाना, गप्प राहा. यादीवर माझीही सही आहे." नुकताच नोकरीत कायम झालो होतो. नानांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं त्यांना.

रविवारी सकाळी त्यांनी दार वाजवलं. खांद्याला पिशवी, हातात फळी. "अक्काकडे चाललोय," म्हणाले. मी घाबरून विचारलं, तिला सांगणार? ते म्हणाले, "तोंडाने सांगून कोण ऐकणार? सरकारचा दगड घराच्या खाली आहे. मी कोण? एक ट्रेसर. साहेबांना उद्या लेखी देतो, पण तो कागद फिरून येईपर्यंत भिंती उभ्या राहतील, पेरण्या होतील. त्यांना आजच कळलं पाहिजे. आणि त्यांना पटेल अशी माझ्याकडे एकच गोष्ट आहे." मी अडवायला म्हणून त्यांच्याबरोबर एसटीत चढलो. वाटेत अडवायचं धाडस झालं नाही.

त्या गावात तोवर नानांची कीर्ती पोचलीच होती. अक्काचा भाऊ म्हणून कोणी तोंडावर बोलत नव्हतं इतकंच. भर अकरा वाजता, गल्लीच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशा जागी नाना बसले. चपला काढल्या, फळी मांडीवर घेतली. त्या दिवशी वाट बघावी लागली नाही. बसल्या बसल्या त्यांनी ब्रश ओला केला.

गल्लीतली माणसं जमली. आधी एक म्हातारा पुढे आला. "नाना, तुम्ही अठे कसाले बठनात?"  नानांनी अक्काच्या घराचा कोपरा काढला, मग शेजारचं घर, मग त्याच्या शेजारचं. भिंत घालणाऱ्याने हातातली पाटी खाली ठेवली आणि तो नुसता बघत राहिला. एका बाईने पदर तोंडाला लावला. कोणीतरी चिडून दगड भिरकावला, तो माझ्या पायाजवळ पडला. नानांनी मान वर केली नाही. एक घर संपवायचं, वाळू द्यायचं, पुढचं. सतराच्या सतरा.

मग अक्का पाणी घेऊन आली. भावासमोर उकिडवी बसली आणि कागदावर बघत राहिली. इतकी वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते तिच्या पुढ्यात होतं.

"पानी येनार शे ना?" तिने हळूच विचारलं.

नानांनी मान हलवली.

"दगड त खाले शे."

"दगड चुकना, अक्का. मन्हा हात चुकना."

 मला वाटलं, आता ती त्यांच्या तोंडावर मारेल, आणि मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण तिने तांब्या त्यांच्या हाताशी सरकवला आणि म्हणाली, "मंग नीट काढ. उंबरठा बी काढ." आणि जाऊन दारात उभी राहिली. आम्ही निघालो तेव्हा लोक भांडीकुंडी आवरत नव्हते, रडत नव्हते. घरासमोर उभे राहून आपापल्या घराकडे बघत होते.

सोमवारी नानांनी साहेबांपुढे कागद ठेवला. साहेब वाचून म्हणाले, "नाना, हे लेखी दिल्यावर काय होतं माहीत आहे ना?" नाना म्हणाले, "माहीत आहे म्हणूनच लेखी दिलं." कागदात माझा उल्लेख नव्हता. मी दाराबाहेर फाइल छातीशी धरून उभा होतो, आत जाऊन माझंही नाव सांगावं असं दहा वेळा मनात आलं. गेलो नाही.

फेरमोजणी झाली. गावकऱ्यांनीच आधी जाऊन कचेरीसमोर ठिय्या दिला होता, म्हणून ती लवकर झाली असं साहेब नंतर म्हणाले. सतरा घरांना नवीन गावठाणात जागा मिळाल्या. धरणाचं काम लांबलं, पाणी दोन पावसाळ्यांनी आलं आणि छपरापर्यंत आलं, तेव्हा आत कोणी नव्हतं. नाना निलंबित झाले, मग नोकरीच गेली. ते धुळ्याला जाऊन राहिले. साइनबोर्ड रंगवून पोट भरायचे.

नव्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा अक्काने मला निरोप दिला, की नानांना घेऊन ये. आणि वर म्हणाली, "फळी आनू नको म्हना त्याले." मी तो निरोप जसाच्या तसा सांगितला. नाना फळी न घेता आले. वरण-बट्टी होती, गावाने आग्रह करकरून वाढलं, बुडायच्या आधी बाहेर काढलं म्हणून त्यांच्या पाया पडणारेही होते. पण पाया पडून उठलेला माणूस लगबगीने त्यांच्यासमोरून बाजूला होत होता. नाना समजून होते. जेवताना त्यांनी ताटाकडे बघितलं, बोलताना जमिनीकडे. सबंध दिवसात एकाही भिंतीवर त्यांनी नजर ठरू दिली नाही. निघताना अक्काने प्रसादाची पुडी दिली तीही त्यांनी खाली मान घालून घेतली.

धुळ्यात ते डोंगर काढायला लागले. शहराभोवतीचे उघडे, काळे डोंगर. घर नको, झाड नको, माणूस नको. माझ्या मते ती त्यांची सगळ्यांत चांगली चित्रं. धुळ्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये ती लावली होती, लोकांनी नावाजली. एका व्यापाऱ्याने आपला नवा बंगला काढून मागितला, तर नाना चक्क हॉल सोडून निघून गेले. मी विचारलं, डोंगरच का? ते म्हणाले, "डोंगर माझ्याने जाणार नाही. तेवढा माझा हात मोठा नाही." पहिल्यांदाच मी त्यांना निर्धास्त बघत होतो.

तीनएक वर्षं हे चाललं. मग एकदा भेटायला गेलो तर रंगांची पेटी दिसेना. मी विचारल्यावर ते मला सायकलवर बसवून गावाबाहेर घेऊन गेले. त्यांनी काढलेल्या एका डोंगराला खडीचं मशीन लागलं होतं. निम्मा डोंगर कापून नेला होता, ट्रक भरून चालले होते. नाना पांढऱ्या धुळीत उभे राहून माझा दंड घट्ट धरून म्हणाले, "बघ." हमरस्ता रुंद होतोय, खडी लागणारच, तुमचा काय संबंध, असं मी खूप समजावलं. त्यांनी माझा दंड सोडला नाही. त्यानंतर त्यांनी काहीही काढलं नाही. दोन वर्षांनी ते गेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

खोलीत चित्रांची एक वळकटी निघाली. घरमालक ती ठेवून घ्यायला तयार नव्हता, म्हणून मी ती अक्काकडे घेऊन गेलो. तिने ती घरात घेऊ दिली नाही. "आंगनमा ठेव," म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन, डोळ्यांत भीती घेऊन तिने विचारलं, "हाई नवं घर त त्यानी कोठे काढेल नही ना? एक एक कागद देखी ले. मन्हासमोर."

भर उन्हात अंगणात बसून मी एकेक कागद उलगडला. शेजारच्या बायका दारांआडून बघत होत्या. प्रत्येक कागद उलगडताना अक्का माझं मनगट धरायची आणि आपलं घर नाही असं बघून सोडायची. बुडालेली गावं आली, ती सतरा घरांची गल्ली आली, उंबरठा आला. डोंगर आले. शेवटचा कागद उलटून मी दोन्ही बाजू दाखवल्या आणि म्हणालो, "नाही अक्का. तुमचं नवं घर कुठेच नाही."

तिने सुटकेचा श्वास टाकला. दारांआडच्या बायका बाहेर आल्या, कोणीतरी पाणी आणलं. अक्का मात्र तशीच बसून राहिली. बराच वेळ ती त्या कागदांकडे बघत होती, मग मागे वळून तिने आपल्या घराकडे बघितलं, रंगवलेल्या दाराकडे, पत्र्याकडे, ओट्याकडे, आणि तिचा चेहरा एकदम पडला.

"म्हंजे मन्हा भाऊनी मन्हं घर देखंच नही," ती म्हणाली.